पट न दाखवता खेळ सांगताना

रायपूर : येथील बूढापारा भागात 1877च्या सुमारास किशोरवयीन नरेंद्रनाथ, म्हणजेच पुढे स्वामी विवेकानंद, कुटुंबासह राहत होते. याच वास्तव्यात ते बुद्धिबळ शिकले, असे चरित्रकार सांगतात. बुद्धिबळ काय किंवा सारीपाट काय, त्या पिढ्यांना नियम कळत ते बहुधा घरातल्या जाणत्याच्या तोंडून.

आधुनिक पटखेळांनी हा शिरस्ता मोडला. क्लाउस टॉयबर यांचा 1995 मधील जर्मन खेळ 'कटान' असो वा झैन मेमन यांचा निवडणुकीच्या राजकारणावरील 'शासन', खोक्यात नियमपुस्तिका असते, आणि आपल्याकडे ती बहुधा इंग्रजीत. शिकवणारे कोणी नसले की खोके फळीवरच राहते. जाणत्याची ती जागा आता पॉडकास्ट घेत आहेत. टॉम व्हॅसल यांनी 2005 मध्ये दक्षिण कोरियात असताना सुरू केलेला 'द डाइस टॉवर' हे त्यातले ठळक नाव.

ध्वनीला पट दाखवता येत नाही. वरकरणी हे वैगुण्य. प्रत्यक्षात ते पथ्यावर पडते. मांडणीच्या तपशिलात न अडकता निवेदकाला खेळाचा गाभाच सांगावा लागतो. 'कटान'मध्ये फाशांच्या दानानुसार माल मिळतो. कुणाकडे लाकूड साचते, कुणाला विटाच मिळत नाहीत, म्हणून प्रतिस्पर्ध्याशीच सौदा करणे भाग पडते. एवढे उमगले की श्रोता खेळायला बसतो. उरलेले नियम खेळता खेळता कळतात. मराठी निवेदकाला तर शब्दही शोधावे लागणार नाहीत : डाव, दान, सोंगटी, घर हे सारे सारीपाटाने केव्हाच देऊन ठेवले आहेत.