तापाचा आकडा नको, लेकराकडे बघा

मलकापूरहून कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय सुमारे ४५ किलोमीटर. शाहूवाडीतल्या एखाद्या डोंगरवाडीवरून निघालं, तर आधी मलकापूर गाठायलाच वेळ जातो. त्यात पावसाळ्यात पंचगंगेला महापूर आला, की रत्नागिरी-कोल्हापूर रस्ता केर्लीजवळ पाण्याखाली जातो. जुलै २०२१ मध्ये असाच महापूर आला आणि तेव्हा जिल्ह्यातली कोरोनाची दुसरी लाट अजून पुरती ओसरलेली नव्हती. अशा मुलखात रात्री लेकरू तापलं, की आईबापांपुढे एकच प्रश्न उभा राहतो: सकाळपर्यंत थांबायचं, की आत्ताच निघायचं?

या प्रश्नाचं उत्तर बरंचसं घरातच मिळतं. त्यासाठी कुठं बघायचं, हे मात्र ठाऊक हवं.

भीती आणि अनुभव

तिसरी लाट मुलांवर येणार, या बोलण्यानं २०२१ च्या उन्हाळ्यात घराघरांत धसका घेतला होता. राज्य सरकारनं मे महिन्यात डॉ. सुहास प्रभू यांच्या अध्यक्षतेखाली बालरोगतज्ज्ञांचा कृतिगट नेमला. पुढं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं जून-जुलैमध्ये देशभर रक्ततपासणी केली, तेव्हा ६ ते ९ वर्षांच्या ५७ टक्के मुलांच्या रक्तात कोरोनाविरोधी प्रतिपिंडं सापडली. लहान मुलांना तेव्हा लस मिळतही नव्हती. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलांना संसर्ग होऊन गेला होता आणि बहुतेक घरांत त्याचा पत्ताही लागला नव्हता.

मुलांच्या नाकातली संरक्षक यंत्रणा जास्त सावध असते. विषाणू शिरताच ती चटकन कामाला लागते, त्यामुळे तो छातीत उतरण्याआधीच बऱ्याचदा अडवला जातो. मोठ्यांमध्ये घात करणारे मधुमेह, रक्तदाबासारखे जुने आजारही मुलांमध्ये क्वचितच असतात.

तरी ‘मुलांना काही होत नाही’ असं म्हणून हात झटकता येत नाहीत. दहा देशांतल्या ४१ रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत आलेल्या, कोरोना झालेल्या ३,२०० हून जास्त मुलांची पाहणी जानेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १०७ मुलांची, म्हणजे शंभरात साधारण तिघांची, प्रकृती दोन आठवड्यांत गंभीर झाली आणि चार मुलं दगावली. ज्यांना आधीपासून जुनाट आजार होता किंवा पूर्वी न्यूमोनिया होऊन गेला होता, त्यांना धोका जास्त होता. ही सगळी दवाखान्यापर्यंत आलेली मुलं होती. गावातल्या दर शंभर मुलांना हा हिशेब लागू होत नाही. पण शंभरातली ती तीन मुलं वेळेत ओळखायची कशी, हाच कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांपुढचा खरा प्रश्न असतो.

अंगी काढा आणि एक मिनिट मोजा

डॉक्टर थर्मामीटर लावतातच, पण त्याआधी त्यांची नजर लेकराच्या छातीवर जाते. हे आपल्यालाही जमतं. मूल शांत असताना किंवा झोपलेलं असताना त्याची अंगी वर करा. मोबाईलचं घड्याळ लावा आणि पूर्ण एक मिनिट पोट किती वेळा वर येतं, ते मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले, तर छाती अडचणीत आहे असं समजा. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, नाकपुड्या फुलत असतील, लेकरू कण्हत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर मोजत बसू नका, निघा. ऑक्सिमीटर असेल आणि आकडा ९४ च्या खाली असेल, तरीही निघा.

दुसरी खूण अंगातल्या पाण्याची. सहा-आठ तास लघवी नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, प्यायलेलं सगळं उलटून पडतंय, याचा अर्थ अंगातलं पाणी आटत चाललंय. तिसरी खूण लेकराच्या वागण्याची. १०२ ताप असूनही औषधानं उतरल्यावर खेळायला लागणारं पोर तितकं काळजीचं नसतं. ताप कमी असूनही निपचित पडलेलं, हाकेला ओ न देणारं किंवा झटका आलेलं मूल मात्र काळजीचं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप आला तरी थांबू नये.

ओमायक्रॉनच्या लाटेत कुत्र्याच्या भुंकण्यासारखा खोकला घेऊन मुलं दवाखान्यात येत होती. तो घशाच्या सुजेचा खोकला. शांत बसलेलं असतानाही श्वास आत घेताना घरघर ऐकू येत असेल, तर तेही तातडीचं.

मागाहून येणारा ताप

एप्रिल २०२० मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या लक्षात एक वेगळंच दुखणं आलं. कोरोना होऊन दोन ते सहा आठवडे उलटलेली, वरवर बरी झालेली मुलं पुन्हा तापानं फणफणत होती. आपल्याकडेही पुढं अशी मुलं आढळली. या दुखण्याला एमआयएस-सी म्हणतात. यात विषाणू गेलेला असतो, पण शरीराची संरक्षणयंत्रणाच बिथरून हृदय, आतडी, रक्तवाहिन्या यांना सूज आणते. तीन दिवसांहून जास्त ताप, पोटात दुखणं, उलट्या-जुलाब, लाल डोळे, अंगावर पुरळ, हातपाय गार पडणं ही त्याची लक्षणं. पोटदुखीमुळं ते अपेंडिक्स किंवा टायफॉइडही वाटू शकतं. वेळेत ओळखलं, तर इम्युनोग्लोब्युलिन आणि स्टिरॉइड यांनी बहुतेक मुलं बरी होतात.

निघण्याआधी

पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे द्या, ॲस्पिरिन देऊ नका. मागच्या आजारातलं उरलेलं अँटिबायोटिक किंवा स्टिरॉइड मनानं पाजू नका. कोल्हापूर दूर म्हणून घरी थांबू नका. मलकापूरच्या ग्रामीण रुग्णालयात आधी ऑक्सिजन, सलाईन मिळू दे, पुढचा प्रवास मग १०८ च्या गाडीनं होईल. वडापची वाट बघण्यात वेळ घालवू नका.

आणि दवाखान्यात पोचल्यावर चार गोष्टी आपणहून सांगा: ताप कधीपासून आहे, शेवटची लघवी कधी झाली, मिनिटाला श्वास किती भरले, आणि महिन्या-दीड महिन्यापूर्वी घरात कुणाला सर्दी-ताप येऊन गेला होता का. यातलं शेवटचं कुठल्याही यंत्रात दिसत नाही. ते फक्त आईला ठाऊक असतं आणि तिच्या त्या एका वाक्यावरून डॉक्टरांची नजर पोटावरून हृदयाकडे वळू शकते.