पाणी ३९ फुटांवर, बॅटरी चार्जिंगला

पावसाळा लागला की कोल्हापुरात दोन चौकशा घरोघरी चालतात. राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले, आणि पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आलं? ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगा ५५ फुटांच्याही वर गेली, आणि तेव्हा तिसरी चौकशी सुरू झाली: तुझ्या मोबाइलला किती टक्के राहिलंय?

पाणी डीपीपाशी, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरपाशी, आलं की महावितरण त्या भागाची लाईट बंद करतं. ते योग्यच आहे, नाहीतर पाण्यात शॉक लागून माणसं जातील. सबस्टेशनच बुडालं तर पाणी ओसरेपर्यंत दुरुस्तीला हात लावता येत नाही. २०१९ ला माझी मावशी प्रयाग चिखलीत घराच्या वरच्या मजल्यावर अडकली होती. फोन बंद पडला आणि दीड दिवस ती कुठं आहे हे आम्हाला कळेना, बोट गल्लीपर्यंत आली की नाही हे तिला कळेना. ती सुखरूप निघाली. पण मोबाइलभर विजेसाठी एवढा जीव टांगणीला लागावा, हे मला पटलं नाही. तेव्हापासून मी सोलर पॅनल, बॅटरी आणि इन्व्हर्टरचे उचलून नेता येतील असे छोटे सेट जोडतोय. आतापर्यंत नात्यातल्या चार घरांत दिले. प्रत्येक घरात तेच गैरसमज भेटले, म्हणून ते इथे मांडतो.

“आमच्या छपरावर सोलर आहे, आमची लाईट जाणार नाही.”

सगळ्यात जास्त ऐकू येणारी ही समजूत. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली. १ किलोवॉटला ३० हजार, २ किलोवॉटला ६० हजार, ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान मिळू लागलं आणि बऱ्याच छपरांवर पॅनल चढले. पण बॅटरी नसलेला हा संच महावितरणच्या लाईनला जोडलेला असतो. लाईनवरची वीज गेली की त्याचा इन्व्हर्टर आपोआप बंद होतो, भर दुपारी लख्ख ऊन असलं तरी. तसा तो मुद्दाम बनवलेला असतो. तो चालू राहिला तर आपल्या छपरावरची वीज लाईनवर जाईल आणि खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल. छपरावरचा संच बिलासाठी, बॅटरीचा सेट अंधारासाठी. दोन्हींची कामं वेगळी, आणि लाईनला न जोडलेल्या छोट्या सेटला हे अनुदान मिळत नाही.

“पावसाळ्यात सोलर काय कामाचं?”

या प्रश्नात तथ्य आहे. आपली लाईट जास्तीत जास्त जाते ती जुलै-ऑगस्टमध्ये, आणि ऊन सगळ्यात कमी असतं तेही तेव्हाच. विकणारे हे सांगत नाहीत, म्हणून हिशेबच करू.

पॅनलवर लिहिलेले १०० वॉट हे प्रयोगशाळेतल्या प्रखर उजेडाचे आणि २५ अंश तापमानाचे असतात. आपल्या गच्चीवर धूळ, उष्णता आणि वायरमधली घट जाऊन त्याचे ७० टक्के हाती लागले तरी चांगलं. उन्हाळ्यात दिवसाला साधारण ५ तास भरउन्हाइतका उजेड धरला, तर १०० वॉटच्या दोन पॅनलमधून ७०० वॉट-अवर मिळतात, म्हणजे पाऊण युनिटाला थोडे कमी. आभाळ गच्च भरून झड लागली की हेच उत्पन्न पंधरा-वीस टक्क्यांवर येतं. मग दिवसाकाठी हातात पडतात १०० ते १४० वॉट-अवर.

एवढ्यात काय होतं? एक मोबाइल पूर्ण भरायला साधारण १५ वॉट-अवर लागतात. पाच मोबाइल झाले ७५. ९ वॉटचा एलईडी बल्ब पाच तास, ४५. एकूण १२०. पंखा नाही, टीव्ही नाही. पण चारी बाजूंनी पाणी असताना पाच फोन चालू आणि जिन्यात एक दिवा, याची किंमत पूर पाहिलेल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. म्हणून पावसाळ्यात खरा भरवसा ठेवायचा तो आधीच भरून ठेवलेल्या बॅटरीवर. पॅनल हा तिचा रोजचा थोडासा आधार.

त्याच्या उलट टोकाचा गैरसमजही आहे: ऊन जितकं कडक तितकी वीज जास्त. पॅनलला उजेड हवा असतो, उष्णता नको. एप्रिलमध्ये काच साठ अंशांपर्यंत तापते, आणि २५ च्या वरच्या दर अंशामागे उत्पन्न सुमारे ०.३ ते ०.४ टक्क्यांनी उतरतं. म्हणून पॅनल पत्र्याला चिकटवू नका, खालून वारा जाऊ द्या. तोंड दक्षिणेला आणि पंधरा-सतरा अंशांचा उतार, कारण कोल्हापूर १६.७ अक्षांशावर आहे. नारळाच्या एका झावळीची सावली पॅनलच्या कोपऱ्यावर पडली तर कोपऱ्यापुरती वीज कमी होत नाही, पॅनलचा तिसरा हिस्सा सहज बंद पडतो, कारण आतले सेल साखळीत जोडलेले असतात.

“हजार वॉटचा आहे, म्हणजे सगळं घर चालेल.”

वॉट आणि वॉट-अवर यांची गल्लत माणसाला सगळ्यात महाग पडते. वॉट म्हणजे नळाची धार, वॉट-अवर म्हणजे टाकीतलं पाणी. धार कितीही मोठी असली तरी टाकी लहान असेल तर लवकर रिकामी होणार. दुकानात डब्यावर मोठ्या अक्षरात धार लिहिलेली असते. तुम्ही टाकी विचारा.

१२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या लिथियम बॅटरीची टाकी १,२८० वॉट-अवरची. तिच्यातले ८० टक्के वापरायचे धरा, हजाराच्या आसपास. मावशीच्या घरी आम्ही वहीत एका रात्रीचा खर्च मांडला: तीन बल्ब पाच तास, १३५, ३० वॉटचा बीएलडीसी पंखा आठ तास, २४०, तीन मोबाइल, ४५, वायफायचा राउटर दहा तास, १००. झाले ५२०. इन्व्हर्टर स्वतः खातो ते धरून ६००. म्हणजे एक रात्र आरामात आणि दुसरी काटकसरीनं. तिचा जुना पंखा ७५ वॉट घेत होता. तोच ठेवला असता तर तो एकटाच ६०० खाऊन बसला असता. आधी पंखा बदलला, मग बॅटरी घेतली.

मिक्सर, इस्त्री, इंडक्शन, गिझर विसरा. फ्रिज चालताना शंभर-दीडशे वॉटच घेतो, पण कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट ओढतो आणि छोटा इन्व्हर्टर बंद पाडतो. आणि घरात कुणी ऑक्सिजन कॉन्संट्रेटरवर असेल तर नीट ऐका: ५ लिटरचं यंत्र ताशी तीनशे-साडेतीनशे वॉट-अवर घेतं. हा सेट त्याला जेमतेम तीन तास पुरेल. अशा रुग्णाला पाणी चढण्याआधी हलवणं हाच उपाय, बॅटरीच्या भरवशावर थांबू नका.

“बॅटरी ती बॅटरी, गाडीची काढून लावली तर काय बिघडलं?”

गाडीच्या बॅटरीचं काम म्हणजे स्टार्टर मारताना दोन-चार सेकंद जोर लावणं. त्यासाठी तिच्यात पातळ प्लेटा असतात. ती रात्रभर हळूहळू रिकामी करत राहिलात तर थोड्याच दिवसांत बसते. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी त्यासाठी चांगली आणि स्वस्तही; मला तिच्याबद्दल तक्रार नाही. पण १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर पन्नास-साठ किलोची असते, आत ॲसिड असतं आणि आपल्याकडे ती जिन्याखाली ठेवायची रीत आहे. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीसारख्या भागात सगळ्यात आधी पाण्यात जाते ती हीच जागा. मध्यरात्री पाणी उंबऱ्याला लागल्यावर साठ किलोची ॲसिडची बॅटरी जिन्यानं वर कोण नेणार? १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बारा-तेरा किलोची. मावशी साठीची आहे, ती एकटी घेऊन वर जाते.

“लिथियम म्हणजे स्फोट” ही भीती फोनच्या आणि स्कूटरच्या बातम्यांमुळे बसली आहे. लिथियम बॅटऱ्यांत प्रकार असतात. आयर्न फॉस्फेटच्या रचनेत ऑक्सिजन घट्ट बांधलेला असतो, त्यामुळे ती तापून पेट घ्यायला बरंच जास्त तापमान लागतं. हे रसायन जॉन गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या गटानं १९९७ साली जगापुढे आणलं. आपण महापुरातून सावरत होतो त्या २०१९ साली लिथियम बॅटरीवरच्या कामासाठी रसायनशास्त्राचं नोबेल ज्या तिघांना मिळालं, त्यांत ते होते. तरी ती निर्धोक नाही. सुटे सेल आणून घरी जोडण्याचा मोह टाळा. आत बीएमएस, म्हणजे प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट, बसवलेली तयार बॅटरी घ्या.

“१२ व्होल्टला काय शॉक लागतोय?”

शॉक नाही लागत, आग लागते. ३०० वॉट घ्यायचे तर २३० व्होल्टला सव्वा अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो, १२ व्होल्टला तोच पंचवीस होतो. घरातली साधी वायर तिथं वितळते. माझ्या पहिल्या सेटमध्ये मी पंख्याची उरलेली वायर वापरली होती. दहा मिनिटांत ती बोटाला चटका देईल इतकी तापली आणि वासावरून लक्षात आलं. तेव्हापासून बॅटरी ते इन्व्हर्टर हातभरच अंतर, १० स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, आणि प्लस टर्मिनलला लागूनच ४० अँपिअरचा डीसी फ्यूज. घरातला साधा एमसीबी तिथं चालत नाही; एसीची ठिणगी सेकंदाला शंभरदा शून्यावर येऊन विझते, डीसीची तशी विझत नाही.

काम करताना अंगठी आणि कडं काढून ठेवतो. पान्याच्या दांड्याला चिकटपट्टी गुंडाळलेली आहे, तोंडाची कड तेवढी उघडी. पाना दोन टर्मिनलवर आडवा पडला तर तिथंच चिकटून लाल होतो. पॅनल आणि बॅटरीच्या मधल्या चार्ज कंट्रोलरला आधी बॅटरी जोडायची, मग पॅनल. सोडताना आधी पॅनल, मग बॅटरी. कंट्रोलर एमपीपीटीचा घ्या. साधा पीडब्ल्यूएम पॅनलच्या १८ व्होल्टला बॅटरीच्या १३ वर ओढून आणतो आणि चौथा हिस्सा वाया घालवतो. पावसाळ्यातल्या आपल्या १२० वॉट-अवरमधून तो हिस्सा गमावणं परवडत नाही.

“प्लगला उलटी वीज दिली की सगळे बोर्ड चालू.”

दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून इन्व्हर्टरची वीज भिंतीच्या सॉकेटमध्ये सोडणारे लोक मी पाहिले आहेत. हे कधीही करू नका. मेन स्विच बंद करायचा राहिला तर ती वीज डीपीपर्यंत जाते, तिथं उलटी चढून हजारो व्होल्ट होते, आणि त्या तारेला हात लावलेला असतो पुरातून आपली लाईट जोडायला आलेल्या वायरमननं. सेटमधून एक एक्स्टेन्शन बोर्ड बाहेर काढा, जे चालवायचं ते त्यालाच लावा.

बिल कमी होईल का, हेही विचारतात. १०० वॉटचं पॅनल कोरड्या दिवसांत महिन्याला फार तर १० युनिट देईल. बिलासाठी हा सेट घेऊ नका.

मावशीच्या घरी आता ठरून गेलंय. वर्षभर बॅटरी अर्ध्याच्या थोडी वर ठेवायची, कारण लिथियमला कायम काठोकाठ भरून ठेवणं मानवत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात टर्मिनलचे नट आवळायचे, फ्यूज बघायचा, एक रात्र मुद्दाम सगळं त्यावर चालवून पाहायचं. बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर आल्याची बातमी आली की सेट भिंतीच्या चार्जरला लावून काठोकाठ भरायचा, लाईट आहे तोवर. ४३ व्हायच्या आत बॅटरीचा डबा, पॅनल आणि बोर्ड घेऊन सोनतळीच्या सुरक्षित जागेची वाट धरायची, आणि वाट बंद झालीच असेल तर वरच्या खोलीत. डब्याच्या झाकणाला आतून तिनं वहीचा कागद चिकटवला आहे. त्यावर रात्रीचा तो हिशेब आहे, आणि खाली आम्हा पाच जणांचे फोन नंबर.