कोबॉटच्या शेजारी उभं राहायचं, पण कुणाच्या भरवशावर?

आजचा विषय कारखान्यातला आहे. आयटीआय किंवा डिप्लोमा करून चाकण, रांजणगाव, वाळूजच्या शिफ्टला जाणाऱ्या बऱ्याच जणांशी तो थेट जोडलेला आहे. विषय आहे कोबॉट, म्हणजे मध्ये जाळी न लावता माणसाच्या शेजारी काम करणारा रोबॉट.

आधी ही जाळी का लागायची ते बघू. १९६१ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कारखान्यात ‘युनिमेट’ नावाचा पहिला औद्योगिक रोबॉट कामाला लागला. साच्यातून निघालेले गरम धातूचे भाग उचलायचे, हे त्याचं काम. असे रोबॉट ताकदवान, पण आंधळे. सांगितलेल्या जागी हात जाणार म्हणजे जाणार, मग वाटेत पत्रा असो की माणूस. १९७९ मध्ये मिशिगनमधल्या फोर्डच्या कारखान्यात रोबॉटच्या हाताचा फटका बसून एका कामगाराचा जीव गेला. म्हणून नियम साधा होता: रोबॉट पिंजऱ्यात, माणूस बाहेर.

१९९६ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या एडवर्ड कोलगेट आणि मायकेल पेश्किन या दोन प्राध्यापकांनी वेगळा विचार केला. त्यांच्या यंत्रात जोर माणसाचा असायचा, यंत्र फक्त दिशा सांभाळायचं. पुढे २००८ मध्ये डेन्मार्कच्या युनिव्हर्सल रोबॉट्स कंपनीने आपला पहिला कोबॉट विकला. वजन साधारण १८ किलो, उचलण्याची क्षमता ५ किलो. आपल्याकडे बजाज ऑटोने २०१० पासून चाकणच्या प्लांटमध्ये कोबॉट आणायला सुरुवात केली आणि पुढे त्यांची संख्या शंभरावर गेली.

आता प्रश्न असा, की कोबॉटला माणूस कळतो कसा? खरं तर माणूस कळतच नाही, त्याला कळतो अडथळा. प्रत्येक सांध्यातल्या मोटरला किती जोर लागायला हवा, याचा हिशोब तो सतत करत असतो. हिशोबापेक्षा जास्त जोर लागला, की ‘काहीतरी आडवं आलंय’ असं समजून थांबतो. म्हणजे तो थांबतो तो बहुतेक वेळा धक्का लागल्यावर! फक्त तो धक्का हलका असावा, अशी सगळी आखणी असते.

इथेच खरी गोम आहे. हात मऊ आहे, पण त्या हातात काय आहे? धारदार कडेचा पत्रा किंवा टोकदार स्क्रू धरला असेल, तर हलका धक्कासुद्धा जखम करतो. २०१६ मध्ये आयएसओ या जागतिक मानक संस्थेने यावर एक दस्तऐवज काढला. शरीराच्या २९ जागांवर किती दाब चालेल, याच्या मर्यादा त्यात दिल्या आहेत. आणि २०२५ च्या नव्या मानकात तर ‘कोलॅबोरेटिव्ह रोबॉट’ हा शब्दच बाजूला ठेवलाय. कारण रोबॉट आपोआप सुरक्षित नसतो. सुरक्षित असतं किंवा नसतं ते पूर्ण काम: रोबॉट, ग्रिपर, वस्तू, वेग आणि तुमची उभं राहायची जागा, सगळं मिळून.

म्हणजे आज तपासून पास झालेल्या कोबॉटचा वेग उद्या टार्गेट गाठायला कुणी वाढवला, तर कालची तपासणी संपली. ती पुन्हा करावी लागते.

आता येऊ नेटवर्ककडे. स्मार्ट फॅक्टरीत कोबॉट एकटा नसतो. तो लाइनच्या पीएलसीशी, म्हणजे मशीनला हुकूम देणाऱ्या छोट्या कंट्रोलरशी बोलतो. तिथून माहिती सर्व्हरवर आणि कधीकधी सुपरवायझरच्या फोनवर जाते. यासाठी वापरला जाणारा एक प्रोटोकॉल म्हणजे एमक्यूटीटी. १९९९ मध्ये तो तेलाच्या पाइपलाइनवर सॅटेलाइटवरून नजर ठेवण्यासाठी बनला. समजायला व्हॉट्सअॅप चॅनेलसारखा: मशीन मेसेज टाकतं आणि ज्यांनी ते चॅनेल फॉलो केलंय त्यांना तो मिळतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीन्सना एकमेकींची भाषा कळावी म्हणून ओपीसी यूए नावाचं मानक वापरतात.

फायदा मोठा आहे. एखादा सांधा जास्त तापतोय, हे बंद पडायच्या आधीच कळतं. पण जोडलेलं मशीन म्हणजे बाहेरून हात घालता येईल असं मशीन. जून २०१७ मध्ये वॉनाक्राय व्हायरसमुळे जपानमधल्या सायामा इथला होंडाचा कारखाना एक दिवस बंद ठेवावा लागला होता. तिथे उत्पादन थांबलं. पण कुणी नेटवर्कमधून कोबॉटचा वेग किंवा जोराची मर्यादाच बदलली तर? तेव्हा सायबर सिक्युरिटी हा आयटीवाल्यांचा विषय राहत नाही, तुमच्या बोटांचा होतो. म्हणून इमर्जन्सी स्टॉपसारखे सिग्नल वेगळ्या सेफ्टी वायरिंगने किंवा खास प्रमाणित सेफ्टी प्रोटोकॉलने जायला हवेत, ऑफिसच्या वायफायच्या भरवशावर नाही.

तर लाइनवर कोबॉटशेजारी उभं राहायची वेळ आली, तर तीन प्रश्न विचारा. एक, या कामाची जोखीम तपासणी झालीय का आणि त्यानंतर ग्रिपर, वस्तू किंवा वेग बदललाय का? दोन, सेटिंग कोण बदलू शकतं, पासवर्ड सगळ्यांना माहीत आहे का? तीन, नेटवर्क गेलं तर हा हात थांबतो की चालूच राहतो?

नोकऱ्यांचं काय, हे मनात आलं असेलच. काही कामं जाणार, हे नाकारण्यात अर्थ नाही. बोल्ट आवळणं, भाग उचलून ठेवणं, हीच तर कोबॉटची कामं. पण त्याला शिकवणारा, त्याचा ग्रिपर बदलणारा, त्याचं नेटवर्क सांभाळणारा माणूस लागतोच. हे तीन प्रश्न विचारता येणं, ही त्या कामाची पहिली पायरी आहे.

तुमच्या लाइनवर कोबॉट आहे का? कसा अनुभव आहे? व्हॉइस नोट नक्की पाठवा. भेटूया पुढच्या भागात, तोवर सांभाळून!