चाकांची फळी

गल्लीत क्रिकेट खेळताना भिंतीवर कोळशाने तीन रेघा ओढल्या, की झाले स्टंप! भिंत काही त्यासाठी बांधलेली नसते. पण खेळणाऱ्याची नजरच वेगळी असते. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात मुलांनी एका मोठ्या चौकाकडे अशाच नजरेने पाहिले. त्यांचा खेळ मात्र वेगळा होता. त्याचे नाव स्केटबोर्ड.

स्केटबोर्ड म्हणजे चार चाकांची लाकडी फळी. लाकडाचे सात पातळ थर एकमेकांवर चिकटवून ती तयार करतात. तिची दोन्ही टोके वर वळलेली असतात. तिला हँडल नसते, ब्रेक नसतो. खेळाडूचे पायसुद्धा तिला बांधलेले नसतात. मग तो उडी मारतो तेव्हा फळी खाली कशी राहत नाही?

याचे उत्तर मोठे गमतीचे आहे. खेळाडू मागच्या पायाने फळीच्या शेपटीवर जोरात दाब देतो. शेपूट जमिनीवर आपटते आणि फळीचे पुढचे टोक वर उसळते. त्याच क्षणी खेळाडूही उडी घेतो आणि पुढचा पाय फळीवरून पुढे घासत नेतो. त्यामुळे मागचा भागही वर येतो आणि फळी हवेत सपाट होते. पाहणाऱ्याला वाटते, ती तळव्यांना चिकटलीच आहे! या उडीला 'ओली' म्हणतात. ॲलन गेल्फंड याने १९७० नंतरच्या दशकात उतारावर अशी उडी साधली. त्याचे टोपणनाव ओली होते. तेच उडीला मिळाले. पुढे रॉडनी मलन याने सपाट जमिनीवरची ओली रूढ केली. त्यानंतर शहरातील प्रत्येक पायरी, प्रत्येक कट्टा मुलांना बोलावू लागला.

फिलाडेल्फियाच्या मधोमध, कचेऱ्यांच्या उंच इमारतींमध्ये, १९६५ साली एक चौक बांधला गेला. त्याला अध्यक्ष केनेडी यांचे नाव देण्यात आले. १९७६ मध्ये तेथे रॉबर्ट इंडियाना यांचे शिल्प बसवले. 'लव्ह' या शब्दाची चार इंग्रजी अक्षरे, दोन वर आणि दोन खाली. लव्ह म्हणजे प्रेम. तेव्हापासून लोक या जागेला लव्ह पार्क म्हणू लागले. कचेरीतील लोकांनी दुपारी तेथे घटकाभर बसावे, डबा खावा, अशी ती जागा. पण गुळगुळीत ग्रॅनाइटची फरशी, लांब कट्टे, रुंद पायऱ्या आणि मधोमध कारंजे! मुलांना आणखी काय हवे? कारंज्याचे पाणी बंद असले, की ती पायऱ्यांवरून थेट कोरड्या हौदात उडी घेत. दूरदूरच्या देशांतून खेळाडू तेथे येऊ लागले.

दुसरी बाजूही ऐका. घासून घासून कट्ट्यांच्या कडा झिजल्या, दगड फुटले. वेगाने येणाऱ्या फळीची म्हाताऱ्या माणसांना भीती वाटे. शहराने खेळाला बंदी केली. पोलीस दिसले, की मुले पळत. २००२ मध्ये चौकाची रचनाच बदलली. या चौकाची मूळ कल्पना एडमंड बेकन या नगररचनाकाराची होती. बंदी त्यांना पटली नाही. तेव्हा ते ९२ वर्षांचे होते. ते चौकात आले, डोक्यावर हेल्मेट चढवले आणि दोन्ही बाजूंनी आधार घेऊन सर्वांदेखत स्केटबोर्डवर उभे राहिले! चौक मुलांनी जिवंत ठेवला, असे त्यांना वाटत होते. २००४ मध्ये एका बूट कंपनीने चौकाच्या देखभालीसाठी दहा लाख डॉलर देऊ केले. तरीही बंदी उठली नाही.

२०१३ मध्ये शहरात या खेळासाठी खास जागा तयार झाली. ती चांगलीच आहे. पण आखून दिलेल्या मैदानाला शोधून काढलेल्या जागेची गोडी कशी येणार?

२०१६ मध्ये लव्ह पार्क पुन्हा खोदायला घेतले. त्याआधी महापौरांनी काही दिवस खेळाला मोकळीक दिली. कडाक्याच्या थंडीत मुले निरोप घ्यायला जमली. तेथील काही ग्रॅनाइटचे दगड पुढे समुद्रापार, स्वीडनमधील माल्मो शहरात नेण्यात आले. तेथील लोकांनी ते मागितले होते, मुलांना त्यांवर स्केटबोर्ड खेळता यावे म्हणून.