अंदाजातील ‘४० टक्के’ कशाचे?

वसंतात अमेरिकेतील कॅन्सस राज्यावर मेक्सिकोच्या आखाताकडून उष्ण, दमट हवा येते. उत्तरेची जड व थंड हवा तिच्याखाली पाचरीसारखी शिरून तिला वर उचलते. या दोहोंमधील सीमा म्हणजे शीत आघाडी. आघाडी पुढे सरकली की वारा वायव्येकडून वाहू लागतो व तापमान उतरते. म्हणून ‘पारा उतरेल’ हे अंदाजकार निश्चयाने सांगतो. गडगडाटी पाऊस मात्र तुटक पडतो. तेथे तो ‘पावसाची शक्यता ४० टक्के’ असे म्हणतो.

हे टक्के प्रदेशाचे नव्हेत, वेळेचेही नव्हेत. अंदाजक्षेत्रातील कोणत्याही एका ठिकाणी, दिलेल्या मुदतीत, निदान ०.०१ इंच पाऊस पडण्याची ती संभाव्यता होय. वाक्यात हे अधिकरण अध्याहृत राहते आणि श्रोता ते आपल्या समजुतीने भरतो. गिगरेन्झर प्रभृतींच्या २००५ मधील पाच शहरांच्या पाहणीत हा शास्त्रीय अर्थ बहुसंख्यांनी सांगितला तो एकट्या न्यूयॉर्कमध्ये!

मराठी वाचकाचा घोटाळा होण्यास आणखी एक कारण आहे. भारतीय हवामान विभागाच्या परिभाषेत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे २५ टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस. तेथे टक्के खरोखरच स्थळांचे असतात.