जामबागची विवेकवर्धिनी : दोन भाषांचा शेजार

हैदराबाद शहरात मुसी नदीच्या उत्तरेला, कोठी आणि मोअज्जम जाही मार्केट यांच्या आसपास पसरलेल्या जुन्या वस्तीत जामबाग हा भाग येतो, आणि या भागाचे नाव मराठी वाचकाच्या परिचयाचे असेल तर ते बहुधा विवेकवर्धिनी या शिक्षणसंस्थेमुळे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, १९०६-०७ च्या सुमारास, एका पाठशाळेच्या रूपाने सुरू झालेली ही संस्था पुढे माध्यमिक शाळा आणि महाविद्यालये यांच्यापर्यंत विस्तारली. तिचा शैक्षणिक इतिहास मोलाचा आहेच. पण तिचे खरे महत्त्व समजून घ्यायचे तर ती ज्या शहरात उभी राहिली त्या शहरातील भाषिक समाजांचे परस्परसंबंध पाहावे लागतात. मराठी आणि तेलुगू हे दोन समाज एकाच राज्यात शेजारी नांदत असताना त्यांच्यातले सख्य कसे घडले, कुठे दुखावले आणि पुन्हा कसे सांधले गेले, याच्या इतिहासातील एक निर्णायक घटना याच संस्थेच्या रंगमंचावर घडलेली आहे.

निजामाचे हैदराबाद संस्थान हे बहुभाषिक राज्य होते. आठ जिल्हे तेलुगू भाषेचे, पाच मराठीचे आणि तीन कन्नडचे, अशी त्याची सर्वसाधारण विभागणी होती, आणि राज्यकारभाराची भाषा मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काळापासून उर्दू होती. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठाची स्थापना झाली तेव्हा उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच ठरले. भारतीय भाषेतून विद्यापीठीय शिक्षण देण्याचा तो एक धाडसी प्रयोग होता, हे मान्य करावे लागते. परंतु ज्यांची मातृभाषा तेलुगू, मराठी किंवा कन्नड होती अशा बहुसंख्य प्रजाजनांच्या मुलांना शाळेपासूनच दुसऱ्या भाषेचे ओझे वाहावे लागे. अशा परिस्थितीत खासगी शाळा, ग्रंथालय किंवा सभागृह उभारणे हे कोणत्याही भाषिक समाजाच्या दृष्टीने सार्वजनिक जीवनात पाय रोवण्याचे जवळजवळ एकमेव साधन होते.

जामबागच्या लगतच रेसिडेन्सीचा परिसर होता. रेसिडेन्सी म्हणजे निजामाच्या दरबारात असलेल्या ब्रिटिश प्रतिनिधीचे निवासस्थान आणि त्याच्या भोवतालचा त्याच्या अधिकारातील प्रदेश. या प्रदेशातल्या बाजारपेठेत संस्थानी फर्माने थेट लागू होत नसल्यामुळे सुधारणावादी मंडळींना तिथे थोडी मोकळीक मिळे. १९३३ मध्ये हा बाजार निजामाकडे परत आला आणि त्याला सुलतान बाजार हे नाव मिळाले. आर्य समाज, ग्रंथालये, वकिलांच्या बैठका आणि शाळा यांची दाटी शहराच्या याच पट्ट्यात का झाली, याचे उत्तर बऱ्याच अंशी या दुहेरी सत्तेच्या भूगोलात सापडते.

विवेकवर्धिनीच्या उभारणीमागे प्रामुख्याने केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांची नावे घेतली जातात. १८६७ मध्ये आजच्या हिंगोली जिल्ह्याच्या परिसरात जन्मलेले केशवराव गुलबर्ग्यात वकिली करून हैदराबादला आले, पुढे तिथल्या उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि १९३२ मध्ये निधन पावेपर्यंत संस्थानातील बहुतेक प्रत्येक सार्वजनिक चळवळीशी त्यांचा संबंध राहिला. गुलबर्ग्याच्या नूतन विद्यालयाच्या स्थापनेतही त्यांचा वाटा होता. चित्रकार आणि वेदाभ्यासक पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हे त्या काळात हैदराबादेत चित्रशाळा चालवीत असत, आणि विवेकवर्धिनीच्या आरंभीच्या कार्यात त्यांचाही सहभाग होता. वकील, जमीनदार, कलावंत आणि धर्मसुधारक अशा भिन्न प्रकृतीच्या माणसांनी एकत्र येऊन काढलेली ही शाळा असल्यामुळे तिच्या आवारात वर्गांइतकेच महत्त्व सभांना, व्याख्यानांना आणि नाट्यप्रयोगांना आले.

याच काळात तेलुगू समाजही आपल्या संस्था उभारीत होता, आणि त्या उभारणीत मराठी विद्येचा अंश मिसळलेला होता, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. १ सप्टेंबर १९०१ रोजी रेसिडेन्सी बाजारात श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे ग्रंथालय स्थापन झाले. संस्थानातील तेलुगू जागृतीचा आरंभ बहुतेक इतिहासकार तिथून मानतात. त्याच्या संस्थापकांपैकी कोमर्राजू लक्ष्मणराव यांचे शिक्षण नागपुरात, बहीण भंडारू अच्चमांबा यांच्या घरी राहून झाले होते. लक्ष्मणराव मराठी उत्तम जाणत, मराठी नियतकालिकांत लिहीत, आणि त्यांनी तेलुगूत शिवचरित्र लिहिले. पुढे त्यांनी विज्ञानचंद्रिका मंडळी ही ग्रंथप्रकाशन संस्था काढली आणि तेलुगू ज्ञानकोशाचे काम हाती घेतले. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाच्या आधीच्या वर्षांत सुरू झालेला हा उद्योग १९२३ मध्ये लक्ष्मणरावांच्या अकाली निधनाने खंडित झाला. पुढे १९३१ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन हैदराबादेत भरले आणि त्याच्या अध्यक्षपदी केतकरच होते. दोन ज्ञानकोशकारांची कर्मभूमी अशा रीतीने एकाच शहरात क्षणभर जुळली, पण त्यांतील एक तोवर हयात नव्हता.

एवढी पूर्वपीठिका असूनही या दोन समाजांचा संबंध समान पातळीवरचा नव्हता. तेलुगू भाषकांची संख्या संस्थानात सर्वांत मोठी असली तरी राजधानीतल्या सुधारणावादी सार्वजनिक जीवनात मराठी वकील, शिक्षक आणि देशमुख घराणी यांचे वजन अधिक होते, आणि संख्येने कमी असलेला समाज व्यासपीठावर मात्र पुढे असला की त्याच्या ठायी नकळत एक आढ्यता येते. ती आढ्यता नोव्हेंबर १९२१ मध्ये उघडी पडली. त्या महिन्याच्या ११ आणि १२ तारखांना विवेकवर्धिनीच्या रंगमंचावर निजाम राज्यातील सामाजिक परिषद भरली होती, आणि तिचे अध्यक्ष होते महर्षी धोंडो केशव कर्वे. इंग्रजी, उर्दू आणि मराठी भाषणे श्रोत्यांनी शांतपणे ऐकली. पण अल्लमपल्ली व्यंकटरामराव हे वकील एका ठरावावर तेलुगूतून बोलायला उभे राहताच सभेतील मराठी श्रोत्यांनी गलका करून आणि टाळ्या पिटून त्यांना बोलू दिले नाही.

समाजसुधारणेच्या सभेत, स्त्रीशिक्षणाला आयुष्य वाहिलेल्या पुरुषाच्या अध्यक्षतेखाली, राज्यातल्या सर्वांत मोठ्या समाजाच्या भाषेची हेटाळणी व्हावी, याचे समर्थन कोणत्याही प्रकारे करता येत नाही. तेलंगणाच्या इतिहासाच्या शालेय आणि संशोधनपर पुस्तकांत ही घटना ठळकपणे येते; मराठी लेखनात मात्र हैदराबादच्या मराठी संस्थांचा गौरव करताना तिला क्वचितच जागा मिळते, आणि हे मौन संस्थेच्या कीर्तीला उपकारक नाही. ज्या संस्थेने सभागृह उभारले तिच्याकडे त्या सभागृहात काय घडले याची आठवण जपण्याचीही जबाबदारी येते, आणि विवेकवर्धिनीचा इतिहास या घटनेसह सांगितला तरच तो पुरा होतो.

अपमानाचा परिणाम तात्काळ झाला. त्याच रात्री टेकुमाल रंगाराव यांच्या घरी काही तेलुगू कार्यकर्ते जमले आणि त्यांनी आंध्र जनसंघम ही संघटना स्थापन केली. माडपाटी हनुमंतराव, बुर्गुल रामकृष्णराव, मंदुमुल नरसिंगराव, आदिराजू वीरभद्रराव ही त्या वर्तुळातली नावे पुढे तेलंगणाच्या इतिहासात मोठी झाली. ग्रंथालये काढणे, शाळांना उत्तेजन देणे, ताम्रपट आणि हस्तलिखिते गोळा करणे, व्यापाऱ्यांच्या आणि वेठबिगारांच्या तक्रारी मांडणे अशा साध्या कामांपासून या संघटनेने आरंभ केला. १९३० मध्ये जोगिपेठ येथे सुरवरम प्रतापरेड्डी यांच्या अध्यक्षतेखाली पहिली आंध्र महासभा भरली आणि चळवळीला राज्यव्यापी रूप आले. मराठी भाषकांची महाराष्ट्र परिषद त्यानंतर, १९३७ मध्ये परतूरला भरली. म्हणजे भाषिक परिषदेच्या मार्गावर मराठी समाज तेलुगू समाजाच्या मागून चालला.

या बुर्गुल रामकृष्णरावांचे महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले होते आणि ते मराठी चांगली जाणत. तेव्हा १९२१ च्या रात्री जे घडले तो मराठीविषयीचा द्वेष नव्हता. मराठीची गोडी असलेल्या माणसांनी आपल्या भाषेसाठी तितक्याच मानाची केलेली ती मागणी होती. हा भेद पुढच्या घटनांमधून अधिक स्पष्ट होतो.

माडपाटी हनुमंतराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२८ मध्ये नारायणगुडा भागात मुलींसाठी तेलुगू माध्यमाची शाळा काढली. माध्यमिक वर्ग सुरू करताना मुख्य अडचण आली ती मान्यतेची. शाळा ज्या परीक्षामंडळाच्या किंवा विद्यापीठाच्या परीक्षेसाठी विद्यार्थी बसवते त्याने तिला आपल्याशी जोडून घेणे, याला संलग्नता म्हणतात, आणि उस्मानिया विद्यापीठाची परीक्षा उर्दू माध्यमाची असल्याने तेलुगूतून शिकणाऱ्या मुलींना तिथे वाव नव्हता. तेव्हा या शाळेला संलग्नता दिली ती कर्व्यांच्या महिला विद्यापीठाने. १९१६ मध्ये स्थापन झालेले आणि पुढे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव लाभलेले हे विद्यापीठ मुलींना त्यांच्या मातृभाषेतून शिकवावे याच तत्त्वावर उभे होते, आणि मातृभाषा या शब्दात तेलुगूचाही समावेश होतो हे त्याने कृतीने मान्य केले.

ज्या अध्यक्षांच्या समोर तेलुगू वक्त्याचा आवाज दाबला गेला, त्यांच्याच विद्यापीठाने तेलुगू मुलींना तेलुगूतून परीक्षेला बसण्याची वाट करून द्यावी, ही हैदराबादच्या भाषिक संबंधांच्या इतिहासातील सर्वांत आश्वासक गोष्ट म्हटली पाहिजे. कर्व्यांनी ते भरपाईच्या भावनेने केले असे म्हणण्यास आधार नाही, आणि तसे म्हणण्याची गरजही नाही. त्यांच्या संस्थेचे तत्त्वच असे होते की ते प्रामाणिकपणे लागू केल्यास निष्कर्ष तोच निघाला असता. दोन समाजांच्या मैत्रीचे काम जाहीर सभेतल्या गौरवपर भाषणांपेक्षा अशा नियमावल्यांमधून, परीक्षांमधून आणि दाखल्यांमधून अधिक टिकाऊपणे होते, हे या एका उदाहरणावरून पटावे.

१९३८ च्या अखेरीस उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहात वंदे मातरम् गाण्यावर बंदी आली आणि ती न जुमानणाऱ्या शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. त्यांत तिन्ही भाषांची मुले होती, आणि त्यांतील अनेकांना आश्रय मिळाला तो नागपूर विद्यापीठात. तेलुगू मुलांना मराठी मुलखाने आपले मानण्याची, लक्ष्मणरावांच्या पिढीपासूनची रीत इथे पुन्हा दिसते. या विद्यार्थ्यांपैकी एक पी. व्ही. नरसिंहराव. त्यांनी पुढे हरी नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीचा ‘अबला जीवितमु’ या नावाने तेलुगूत अनुवाद केला, आणि १९८४ व १९८९ च्या निवडणुकांत महाराष्ट्रातील रामटेक मतदारसंघाने त्यांना लोकसभेवर पाठविले. उलट दिशेनेही असे घडले होते : केशवराव कोरटकरांचे पुत्र विनायकराव विद्यालंकार १९५७ मध्ये हैदराबाद मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. केशवरावांच्या स्मरणार्थ १९४० मध्ये नारायणगुड्यात सुरू झालेली केशव मेमोरियल ही शाळाही त्याच घराण्याच्या कार्याशी जोडलेली आहे.

संस्थान भारतात विलीन करणाऱ्या पोलीस कारवाईनंतर १९५२ मध्ये बुर्गुल रामकृष्णराव हैदराबाद राज्याचे निर्वाचित मुख्यमंत्री झाले तेव्हा त्यांच्या मंत्रिमंडळात विनायकराव विद्यालंकार, दिगंबरराव बिंदू आणि गोपाळराव एकबोटे ही मराठी मंडळी होती. एकबोटे पुढे आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले. १९२१ मध्ये तेलुगू भाषणाला जागा नाकारणाऱ्या शहरात तीस वर्षांनी हे सहकार्य शक्य झाले, याचे कारण मधल्या काळात दोन्ही समाजांनी आपापल्या संस्था स्वतंत्रपणे उभारल्या आणि त्यामुळे कुणालाच दुसऱ्याच्या अंगणात परवानगी मागून उभे राहावे लागले नाही, असे म्हणता येईल.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले; मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले, कन्नड जिल्हे म्हैसुरात आणि तेलंगण आंध्र प्रदेशात. हैदराबाद शहरातील मराठी समाज एका दिवसात भाषिक अल्पसंख्य झाला. निजाम राज्यात काम करणारी मराठी साहित्य परिषद मराठवाड्याच्या वाट्याला आली, तेव्हा हैदराबादकरांनी आपल्यापुरती वेगळी परिषद स्थापन केली आणि तिच्या ‘पंचधारा’ या नियतकालिकात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दू आणि हिंदी साहित्याच्या परिचयाला व अनुवादाला स्थान दिले. उस्मानिया विद्यापीठाच्या मराठी विभागातील चिं. नी. जोशी, ना. गो. नांदापूरकर, श्री. रं. कुलकर्णी यांसारख्या अध्यापकांनी या शहराला मराठी विद्येचे एक केंद्र म्हणून टिकवले, आणि इसामिया बाजारातील मराठी ग्रंथसंग्रहालयाने वाचकवर्ग सांभाळला.

विवेकवर्धिनीच्या महाविद्यालयांत आज येणारे बहुसंख्य विद्यार्थी मराठी नाहीत. तेलुगू, उर्दू आणि हिंदी बोलणारी शहरातली मुले तिथे पदवी घेतात, आणि संस्थापकांच्या मराठीपणाची त्यांना कदाचित कल्पनाही नसते. मराठी समाजाने याचा खेद मानण्याचे कारण नाही, कारण १९२१ मध्ये जे सभागृह एका भाषेबाबत संकुचित वागले तेच आवार आता कोणाचीही मातृभाषा न विचारता शिकवते. मात्र एक काम शिल्लक आहे. माडपाटी हनुमंतरावांनी तेलंगणातील आंध्र चळवळीचा इतिहास तेलुगूत लिहून ठेवला आहे, आणि त्या रात्रीची हकीगत ज्यांच्या घोळक्यात घडली त्यांच्यापैकी एकाच्या दृष्टीने ती त्यात येते. हैदराबादच्या मराठी संस्थांचा इतिहास लिहू पाहणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाच्या हाताशी तो ग्रंथ मराठीतून असायला हवा, आणि तो करून घेण्याचा पहिला अधिकार जामबागच्या याच संस्थेचा आहे.