रांझीचा ट्रक आणि आयातीचे दोन हिशेब

जबलपूरचे रांझी उपनगर संरक्षण कारखान्यांच्या आधाराने वाढले. १९०४ची गन कॅरिज फॅक्टरी, १९४२ची खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी आणि १९६९ची व्हेइकल फॅक्टरी ही या पट्ट्याची ओळख. इथला पगार रुपयात, घरभाडे आणि भाजीपालाही रुपयात. मात्र इथून बाहेर पडणाऱ्या गाडीचे काही भाग परकीय चलनात येत. आयात मोजण्यातली सगळी गुंतागुंत या एका फरकात आहे.

१९५८मध्ये भारताने मान या जर्मन कंपनीशी करार केला आणि 'शक्तिमान' ट्रक गन कॅरिज फॅक्टरीत तयार होऊ लागला. सुरुवातीला बरेचसे सुटे भाग जर्मनीहून येत आणि जोडणी इथे होई. पुढे एकेक भाग देशात बनू लागला. ६ जून १९६६ला रुपयाचे अवमूल्यन झाले आणि ४.७६ रुपयांचा डॉलर साडेसात रुपयांना पडू लागला. त्या काळी मार्क डॉलरला बांधलेला असल्याने जर्मन सुटे भागही रुपयात ५७ टक्क्यांनी महागले. कामगाराचा पगार त्या दिवशी होता तेवढाच राहिला आणि ट्रकचा एक नटही बदलला नाही. तरीही कागदोपत्री आयातीचा वाटा फुगला.

बाजारातला विनिमय दर रुपयाची घरातली ताकद सांगत नाही. चलनांच्या घरातल्या ताकदीची तुलना करणारी 'क्रयशक्ती समानता' ही संज्ञा १९१८मध्ये स्वीडनचे गुस्टाव कासेल यांनी मांडली. क्रॅव्हिस, हेस्टन आणि समर्स यांनी १९६८पासून तिचे प्रत्यक्ष मोजमाप सुरू केले. २०१७च्या आंतरराष्ट्रीय तुलनेत डॉलरचा बाजारभाव ६५.१२ रुपये होता. अमेरिकेत एका डॉलरला जेवढे मिळते तेवढे भारतात मात्र २०.६५ रुपयांत मिळत होते. केस कापणे, दुरुस्ती, शिकवणी यांसारख्या सेवा सीमा ओलांडत नाहीत, म्हणून त्या इथे स्वस्त राहतात. बेअरिंग आणि कच्चे तेल सीमा ओलांडतात, त्यांना जागतिक भाव लागतो.

त्या वर्षी भारताची मालाची आयात सुमारे ४५० अब्ज डॉलर होती. बाजारदराने मोजलेल्या राष्ट्रीय उत्पन्नाशी तिचे प्रमाण १७ टक्क्यांच्या आसपास येते. तोच आकडा क्रयशक्तीने मोजलेल्या सुमारे ८ लाख कोटी डॉलरच्या उत्पन्नाने भागला, तर साडेपाच टक्के. २००४मध्ये आल्काला आणि चिकोने या अर्थतज्ज्ञांनी अशा दुसऱ्या प्रकारच्या मापाला, म्हणजे आयात-निर्यात मिळून क्रयशक्तीच्या उत्पन्नाशी लावलेल्या गुणोत्तराला, 'वास्तव खुलेपणा' म्हटले.

यातले कोणते खरे? दोन्ही, कारण प्रश्न दोन आहेत. देशात वापरल्या जाणाऱ्या एकूण वस्तू-सेवांच्या मानाने परदेशी माल किती, हे साडेपाच टक्के सांगतात. तो माल मिळवायला देशाला किती द्यावे लागते, हे सतरा टक्के सांगतात. एक डॉलरचा सुटा भाग आणायला ६५ रुपये गेले. त्याच ६५ रुपयांत इथे जेवढे मिळत होते, तेवढ्याला अमेरिकेत तीन डॉलरहून अधिक पडले असते. म्हणून माल थोडा दिसला तरी त्याचा भार थोडा नसतो.

संरक्षण खर्चाच्या चर्चेत ही गल्लत नेहमी होते. भारताचा अख्खा संरक्षण खर्च क्रयशक्तीने गुणून तो फार मोठा असल्याचे सांगितले जाते. सैनिकाच्या आणि कामगाराच्या पगाराला तो गुणाकार लागू पडतो. परदेशातून घेतलेल्या इंजिनाला किंवा तोफेच्या भागाला तो लागत नाही.

१९८६च्या बोफोर्सच्या आराखड्यावरून गन कॅरिज फॅक्टरीने 'धनुष' तोफ घडवली आणि पहिल्या सहा तोफा ८ एप्रिल २०१९ला लष्कराला मिळाल्या. तेव्हा तिच्यातील स्वदेशी वाटा सुमारे ८१ टक्के असल्याचे सांगण्यात आले. समजा हा वाटा किमतीवरून काढला आणि १९६६सारखे अवमूल्यन पुन्हा झाले. उरलेले १९ टक्के भाग रुपयात ३० होतील, आणि तोफ तीच असूनही स्वदेशी वाटा ७३ टक्क्यांवर घसरेल.

तेव्हा आयातीची टक्केवारी सांगणाऱ्याने भाजक कोणता आणि चलनाचा दर कोणत्या दिवसाचा, हे सोबत छापले पाहिजे. रांझीसारख्या ठिकाणी तर तिसरा आकडाही हवा: किती भाग इथे बनतात, याची नगांतली मोजणी. विनिमय दर कुठेही गेला तरी ती बदलत नाही, आणि कारखान्याने खरोखर काय साधले हे तिच्यावरूनच कळते.